फिरत्या स्वयंपाकघरावरचं बोट

कचेरीत त्यांना सगळे ‘जर्मन’ म्हणत. नकाशे काढण्यात हयात गेलेल्या या माणसाला जर्मन भाषेचा एक शब्द येत नव्हता. पण घरात भिंतभर फळ्यांवर जर्मन रणगाडे, ट्रक, तोफा ओढणाऱ्या गाड्या आणि करंगळीएवढे सैनिक मांडलेले. सगळं प्लास्टिकचं, पस्तिसास एक या प्रमाणात, सुटे भाग स्वतः जोडून केलेलं. जर्मनच का, तर पहिला खोका हाती लागला तो जर्मन गाडीचा, आणि एकदा धरलं ते सोडायचं नाही हा स्वभाव. “काय जर्मन, लढाई कुठवर आली?” असं साहेब विचारायचे. “चाकं वाळतायत, साहेब,” हे गंभीरपणे सांगायचे.

“ही माणसं चांगली होती का हो?” बायकोने एकदा विचारलं होतं.

“अजिबात नाही. गाड्या चांगल्या होत्या.”

“मग माणसांना कशाला घरात घेतलंत?”

त्यांनी पुढच्या सैनिकाची टोपी रंगवायला घेतली. तिला त्या सगळ्या पसाऱ्यात एकच मॉडेल आवडायचं, ते म्हणजे फौजेचं फिरतं स्वयंपाकघर. चाकांवर लहानशा लिंबाएवढं गोल पातेलं, त्याला धुराडं, आणि शेजारी पळी घेतलेला आचारी. “अख्ख्या फौजेत हाच काय तो शहाणा,” ती म्हणायची.

आणि नेमकं त्याच पातेल्यावर बोट उमटलं. या मॉडेलांचा गोंद नुसता चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. ओल्यावर कुणाचं बोट लागलं की रेषारेषांसकट ठसा कायमचा. एका रविवारी दुपारी जेवून उठले आणि पाहतात तो सांध्यावर ठसा! त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

“माझंच लागलं,” शिवणयंत्रावरून न उठता बायको म्हणाली. “घासून काढा की.”

“कशाला? राहू दे तुझी आठवण!”

फणकाऱ्याने त्यांनी ठशावरून तसाच रंग मारला, ती बाजू भिंतीकडे वळवली आणि आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ताट मात्र आठही दिवस वेळेवर समोर येत होतं.

तीस वर्षांनी ती गेली. कपडे वाटून झाले, शिवणयंत्र गेलं. शिवताना ती बोटात घालायची ते पत्र्याचं टोपण तेवढं खणात राहिलं. मग एके दिवशी त्यांनी ते स्वयंपाकघर भिंतीकडून आपल्याकडे वळवलं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते त्याच्यासमोर बसत. साऱ्या घरात तिच्या अंगाचं म्हणावं असं ते एकच बोट उरलं होतं.

पुढे डोळे अधू झाले आणि लेक त्यांना आपल्या घरी न्यायला आली. “बाबा, आमच्याकडे एकच फळी मोकळी आहे हं,” तिने आधीच सांगितलं होतं. रणगाडे कुणी नेले, तोफा कुणी. ते सगळं यांनी खुशाल जाऊ दिलं. पण फिरतं स्वयंपाकघर ते स्वतः खोक्यात बांधायला बसले.

“हे अजून आहे?” लेकीने हात पुढे केला.

“हात लावू नकोस! तुझ्या आईचं बोट आहे त्यावर. एवढंच आहे माझ्याकडे.”

लेकीने पुढे केलेलं बोट मुठीत मिटलं आणि ती चहा टाकायला निघून गेली.

प्रवासात ठसा घासू नये म्हणून त्यांनी तिचं टोपण त्यावर उपडं घालून पाहिलं. टोपणाच्या आत ठशाभोवती चहूबाजूंनी जागा उरली. त्यांनी भिंग लावलं, पट्टी काढली. टोपणाच्या तोंडापेक्षा ठसा जेमतेम निम्मा. आयुष्यभर सुईच्या टोकाएवढी चूक पकडणाऱ्या माणसाने हे एकच माप कधी घेतलं नव्हतं.

“तेव्हा केवढी होतीस गं तू?” त्यांनी लेकीला हाक मारून विचारलं.

लेक दारात येऊन उभी राहिली. “पाच वर्षांची. आचाऱ्याने काय शिजवलंय ते बघायचं होतं मला. आई म्हणाली, गप्प बस, मी माझं नाव सांगते. माझ्यावर चिडले तर चार दिवसांनी येतील ताळ्यावर, तुला मात्र जन्माची धास्ती बसेल.” ती थांबली. “ती गेल्यावर तुम्ही ते वळवून ठेवलंत, मग माझं तोंडच उघडेना, बाबा.”

त्यांचे डोळे भरून आले. ते आठ दिवस आज त्यांच्या अंगावर आले, आणि चुकलो म्हणायला समोर ती नव्हती. ते टोपण मुठीत धरून बसले. लेकही शेजारी बसली. चहा गार झाला.

प्रत्येक मॉडेलसमोर त्यांच्या सुबक अक्षरातलं एक कार्ड असे. स्वयंपाकघराचं कार्ड त्यांनी पुढ्यात ओढलं, आणि ‘प्रमाण पस्तिसास एक’ या ओळीखाली लिहिलं:

‘बोट मुलीचं. प्रमाण एकास एक. बोलणी आईने खाल्ली.’