दुर्मिळ नसलेला पक्षी

आमच्या घरात कुठलंही पत्रक छापायला देण्याआधी आईला मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. अहमदपूरच्या आसपासच्या गावांत तिने रेशनपासून दारूबंदीपर्यंत अनेक पत्रकं वाटली. उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. आई डाळ निवडत ऐकते. हात थांबला की समजायचं, वाक्य अडकलं.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या गावचं गायरान सपाट करून गोदामाला द्यायचा ठराव येणार होता. मी पेटून लिहिलं होतं, ‘दुर्मिळ पक्ष्याचं हे शेवटचं घर!!’

हात थांबला.

“कोणता पक्षी?”

“तरवडाच्या झुडपावर ओरडतो तो.”

“नाव?”

“बघते की.”

“न बघताच दुर्मिळ करून मोकळी झालीस? उद्या सकाळी स्कूटी काढ, माय.”

सकाळी आम्ही गायरानातल्या दगडावर बसलो. पक्षी समोरच होता. चिमणीहून लहान, मातकट, लांब शेपटीचा. कॉलेजातून आणलेल्या पुस्तकात तसे दोन निघाले, साधा वटवट्या आणि रान वटवट्या. साधा किड्यासारखा किरकिरतो; हा तर तेच दोन सूर खणखणीत ठोकत होता. म्हणजे रान वटवट्या. पुढे लिहिलं होतं, झुडपी माळावर सर्रास आढळतो.

माझा चेहरा पडला. सर्रास दिसणाऱ्या पक्ष्यासाठी गोदाम कोण अडवणार?

“दुर्मिळ म्हणं!” आई हसली. “एवढं डोकं उठवून राहिला, अन् दुर्मिळ!”

तेवढ्यात तो बांधापलीकडच्या सोयाबीनमध्ये घुसला आणि चोचीत हिरवी अळी घेऊन त्याच झुडपात शिरला. आतून बारीक चिवचिवाट उठला. मी बोलायला लागले, तर आईने माझा गुडघा दाबला. पाठदुखीमुळे जेवायलाही नीट न बसणारी माझी आई ऊन चढेपर्यंत त्या दगडावर बसून होती. “बघ, बघ, पुन्हा गेला,” एवढंच कुजबुजत होती.

घरी येऊन नव्याने लिहिलं आणि वाचलं. ‘आपल्या गायरानात रान वटवट्या राहतो. तो दुर्मिळ नाही. शेजारच्या सोयाबीनमधली अळी नेऊन तो पिलांना भरवतो, हे आम्ही पाहिलं. झुडपं गेली, तर तो कुठे राहील!! ग्रामसभेला या!!’

डाळ निवडणारा हात थांबला नाही. वाचून झाल्यावर सूप खाली ठेवून आईने कागद मात्र मागून घेतला.

“उद्गारचिन्हं काढून टाक,” ती म्हणाली. “तो ओरडतो तेवढं पुरे. अन् छापायला दे.”