साहेबांसाठी साफ केलेला सडा

परदेशी कंपन्यांसाठी सरकारने पायघड्या घातल्या, असं वर्तमानपत्रात वाचलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या पायघड्या घालायला मी स्वतः गेले होते. पणजीच्या एका सरकारी कचेरीत मी तेव्हा टंकलेखक होते, तीही तात्पुरती. गोवा घटक राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. राज्य झालं म्हणजे आता कारखाने आलेच पाहिजेत, असं मंत्र्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांना वाटत होतं. आमची कचेरी परदेशातल्या कंपन्यांना पत्रं पाठवी. कर माफ, वीज स्वस्त, जमीन लगेच, असं आमिष दाखवी. कोणी गळाला लागलं की त्यांना जागा दाखवायला नेई.

त्याच कचेरीत मराठी की कोंकणी यावरून माणसं एकमेकांचा चहा पिईनाशी झाली होती. जागांची माहितीपुस्तिका मात्र निघाली ती इंग्रजीत. ज्यांच्या पायाखालची जमीन त्यात होती त्यांना ती वाचता येणार नाही, याची कुणालाच फिकीर नव्हती. मलाही नव्हती. पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावचा सडा त्यात ‘ओसाड, निर्मनुष्य’ म्हणून छापला गेला आणि ते शब्द मीच टाइप केले होते.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. चैत्रात तो काळाठिक्कर पडलेला असतो, हे खरं. पण पाऊस लागला की गाव वर चढतं आणि दगडांमधल्या मातीत नाचणी, दोडकी, भेंडी, काकड्या करतं. माझ्या काकीचा तिथे एक तुकडा होता. काका गेल्यापासून ती एकटीच तो करत होती. चवथीला गणपतीवर फळं-भाज्या टांगून माटोळी बांधतात, अर्ध्या वाड्याच्या माटोळीला तिच्याकडची काकडी असे. तुकड्याभोवती रचलेल्या दगडांचा गडगा होता आणि रानडुकरांपासून पीक राखायला एक मांगर, म्हणजे गवताने शाकारलेली खोप. कागदोपत्री जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. काकीचं नाव कशावरच नव्हतं. गडगा आणि मांगर हाच काय तो तिचा पुरावा, पण हे तेव्हा ना तिला कळत होतं ना मला.

आमच्या साहेबांना मात्र सगळं कळत होतं. पाहुण्यांचे दौरे ते नेहमी एप्रिलमध्येच ठेवीत. श्रावणात कुणाला सड्यावर नेलंय असं एकदाही झालं नाही. वर आम्हाला सांगत की पावसात पाहुण्यांचे बूट खराब होतात.

एक परदेशी कंपनी आमचा सडा बघायला येणार असं ठरलं, तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, “तू तिथलीच ना? गावाला सांग, जागा मोकळी दिसली पाहिजे.” मी गेले आणि सांगितलं. कारखाना येईल, पोरांना मुंबई गाठावी लागणार नाही, असंही सांगितलं. मला ते मनापासून खरं वाटत होतं.

आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की माणसं आधी झाडू हातात घेतात. जत्रेआधी देवळाचं आंगण करावं तसा त्यांनी सडा केला. गुरं घरी बांधली, कुजका पेंढा जाळला. जीपगाड्यांना वर चढायला वाट हवी म्हणून काकीने आपल्या हाताने गडगा उतरवला आणि ते दगड चढणीवरच्या खड्ड्यांत भरले. मग मांगरही मोडायला घेतला.

“मोडको मांगर सायबाक बरो दिसाचो नाय गो,” ती म्हणाली.

मी तिला अडवलं नाही. उलट शाबास म्हटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटतं.

पाहुणे तिघे होते. बरोबर साहेब, मंत्र्यांची दोन माणसं आणि एक फोटोग्राफर. काकीने वाड्यावरून काचेचे कोप मागून आणले होते. त्यांत शहाळ्याचं पाणी घालून ती ट्रे धरून उभी राहिली. साहेब हातवारे करून रस्ता, बंदर, वीज सांगत होते. एक उंच पाहुणा मात्र खाली जमिनीकडे बघत होता. त्याने विचारलं, “इथे कोणी शेती करतं का?”

साहेब म्हणाले, “ही मुलगी याच गावची. हिलाच विचारा.” आणि माझ्याकडे बघत राहिले.

काकी माझ्यापासून तीन हातांवर होती. मी म्हटलं, “नो, सर.”

त्याने वहीत लिहून घेतलं. काकीला इंग्रजी येत नव्हतं. तिने हसून कोप पुढे केला. त्या माणसावर माझा राग नाही, त्याने निदान विचारलं तरी. नोकरी तात्पुरती होती म्हणून मी तसं बोलले, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. पण साहेबांनी मला धमकावलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं.

कंपनी काही आली नाही. दुसऱ्या एका राज्याने जास्त सवलती दिल्या, ती तिकडे गेली आणि आमच्या तोंडाला पानं पुसली. मग तरी सडा सुटावा? छे! पुढची कंपनी येईल तेव्हा जागा तयार हवी म्हणून सरकारने तो ताब्यात घ्यायला काढला. हरकतींची सुनावणी व्हायच्या आधीच तारेचं कुंपण सुरू झालं. पोरांना काम मिळणार होतं ना? कुंपण घालायलाही कंत्राटदाराने बेळगावकडची माणसं आणली. त्या बिचाऱ्यांचा यात काय दोष!

काकीने हरकत घेतली. पुरावा काय विचारल्यावर तिने माझं नाव सांगितलं. पुतणी सरकारात आहे, ती खोटं बोलणार नाही, म्हणाली. मी रजा टाकून पेडण्याला गेले आणि अधिकाऱ्यापुढे सगळं खरं सांगितलं. ही दर पावसाळ्यात इथे पिकवते, मी लहानपणापासून खात आले आहे.

अधिकाऱ्याने शांतपणे फाइल उघडली. वर फोटो होता. नुसता स्वच्छ दगड आणि कडेला ट्रे घेतलेली काकी. खाली दौऱ्याचा अहवाल. ‘जागेवर शेती नसल्याचे स्थानिक कर्मचाऱ्याने सांगितले.’ तोही मीच टाइप केलेला. त्याने मला विचारलं, “हे खोटं की आत्ताचं खोटं?”

“ते खोटं,” मी म्हटलं.

“मग तुमचं काय धरायचं?” म्हणाला आणि फाइल मिटली. हरकत फेटाळली.

बाहेर पायरीवर काकीने विचारलं, त्या कागदात काय होतं? मी सांगितलं. पाहुण्याने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, सगळंच सांगितलं.

मग ती म्हणाली, “तू थंय ‘नाय’ कित्या सांगलंस?”

“सायब माझ्याकडे बघी होतो.”

“मी पण बघी होतंय गो,” काकी म्हणाली.