'बादल'ची वाकडी शिरोरेखा

नाही हो, मशीन विकायचं नाही.
सकाळपासून ग्रुपवर तिसऱ्यांदा विचारताय.

आमच्या ह्यांना जाऊन आज वर्ष झालं. मशीन पुढच्या खोलीतच आहे. वर मी पापडाचा डबा ठेवलाय. बघितलं असतं तर ओरडले असते.

हे वायरमन. फोनवर बघितलं, कॉम्प्युटरवर नाव टाइप केलं की मशीन ते लाकडात कोरतं. सीएनसी राउटर म्हणे.
विकत घ्यायची ऐपत नाही. म्हणून घरीच बनवायला बसले.

मोटरी जुन्या प्रिंटरच्या. फ्रेम खिडकीच्या ॲल्युमिनियमची. मशीनचं कोरणारं डोकं ज्याच्यावर सरकतं ती लोखंडी दांडी भंगारातली.
ट्रायलला माझा पोळपाट.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्यांच्या नावाच्या पाट्या विकायच्या, एवढीच हौस.

पहिलं नाव कोरलं, 'बादल'.
शिरोरेखा मधोमध खाली लोंबलेली. ओल्या गोधडीची दोरी जशी.

आठ दिवस स्क्रू आवळले, प्रोग्राम बदलले. बाजार चार दिवसांवर आला, तसे डोक्याला हात लावून बसले.
"मन्हं डोकंच कच्चं शे वं. टाकी देस भंगारमां."

असं ते कधी बोलायचे नाहीत.

म्हटलं, "रेघ वाकडी ई ऱ्हायनी ना? मंग पाटीच वाकडी करा. घोडाना नाल करा, तोंड वर."

करवतीने लाकडाचे नाल कापले. खालच्या बाकात ती शिरोरेखा अशी बसली, जशी मुद्दाम वळवलीय.

बाजारात एक पाटी उरली नाही.
लोक विचारायचे, "आयडिया कोणाची?" हे मिशीवर बोट फिरवत म्हणायचे, "डोकं हिनं शे."
लेकीच्या सासरीही तेच सांगितलं, डोकं हिचं. मी आपली पदर सारखा करायची.

दांडी वाकडी आहे हे पुढे कळलं त्यांना. बदलली नाही. "आते सरळ कसाले?"
भंगारवाला दिसला की मात्र सुरू, "वाकडी दांडी कशी दिन्ही रे भो माले?"
तो बिचारा शपथा घ्यायचा.

भावपूर्ण वगैरे मला लिहिता येत नाही. अहो, जिथं असाल तिथं काहीतरी खोलून बसला असाल. बसा खुशाल.

फक्त एक.
भंगारवाल्याने दांडी सरळच दिली होती.
तुम्ही ती मशीनला बसवायच्या आधी एकदा म्हशीचा खुटा निघेना, पहार सापडेना, म्हणून मी ती घातली. वाकली. दगडाने ठोकून गुपचूप जागेवर ठेवली.

डोकं नव्हतं हो माझं. मीच वाकवली होती.