आईचा इंग्रजी प्रश्न
कोथिंबिरीच्या ओल्या जुड्यांचा वास आला की मला नाशिकच्या त्या इंग्रजी शाळेचं ऑफिस आठवतं. नव्वदच्या दशकात माझ्या प्रवेशासाठी तिथे आईची मुलाखत होती आणि तिच्या हातांना तोच वास येत होता. मळ्यात जुड्या बांधता बांधता तिने कॉलेजात जाणाऱ्या शेजारच्या ताईकडून एकच प्रश्न घोकून घेतला होता, "व्हेन विल स्कूल स्टार्ट?" मुख्याध्यापिकेने मात्र मराठीतच विचारलं, "भाजी कुठे विकता?" आणि फाईल मिटली. उठताना आईने आपला प्रश्न विचारला, एकही शब्द न चुकता. बाई हसून म्हणाल्या, "नॉट फॉर युवर डॉटर." उत्तर कसं समजून घ्यायचं ते ताईने शिकवलंच नव्हतं. आईने मान डोलावली, "थँक्यू" म्हणाली आणि संध्याकाळी वस्तीवर पेढे वाटले. जूनमध्ये यादीत माझं नाव नव्हतं. मराठी शाळेत पाचवीला इंग्रजी सुरू झालं, तेव्हा मला बाईंच्या त्या वाक्याचा अर्थ लागला. आता मी इंग्रजीच शिकवते. आई अजून म्हणते, "त्या बाई लय चांगल्या होत्या गं, यादीतच कायतरी चुकलं आसंल." मी हो म्हणते.