ईटच्या गुरुजींनी मला 'बसा' म्हणलं

ज्या माणसाच्या दारात मी भांडायला गेलो, त्यानं मला "या, बसा" म्हणलं. माझं सगळं तिथंच बदललं.

ते गुरुजी परवा गेले.

दोन वर्षांपूर्वी मी सेकंड इयरला होतो. वर्गातल्या एका मुलीवर लई जीव होता. नाव लिहीत नाही.

तिनं मला दोनदा स्पष्ट नाही म्हणलं होतं. घरच्यांच्या धाकानं म्हणते, असं मी धरून चाललो.

मग कळलं, रविवारी तिला बघायला पाहुणे येणार.

येरमाळ्यातून बाईक काढली ती थेट ईटला, तिच्या गावी. तिच्या दारात उभा राहून ओरडलो, बाहेर या मास्तर, बोलायचंय.

आत पाहुणे बसलेले. सगळ्यांच्या हातात पोह्याच्या प्लेटा. मुलाच्या मामानं विचारलं, कोण हे?

तिचे वडील उठून आले. झेडपीच्या शाळेत पहिलीच्या पोरांनासुद्धा अहो-जाहो करणारा माणूस. गाव त्यावरून त्यांची चेष्टा करायचं. त्यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं. मी कोण ते त्यांना कळलं होतं.

"या, बसा. उन्हाचे आलात, आधी पाणी घ्या."

पाहुण्यांना म्हणाले, येरमाळ्याचे आहेत, आमच्या ओळखीचे.

वीस वर्षांत मला कुणी असं 'घ्या' म्हणलं नव्हतं. घरी 'ए', कॉलेजात 'ए', मित्रांचं तर विचारूच नका.

तांब्या हातात आला आणि रस्ताभर पाठ केलेलं सगळं भाषण पोटात गेलं. अशा माणसाला शिवी द्यायची तरी कशी?

मलाही पोहे दिले. प्लेट अर्धी ठेवून उठलो. गुरुजी बाईकपर्यंत सोडायला आले. तिथं आवाज खाली घेऊन म्हणाले,

"तिनं तुम्हाला नाही म्हणलंय, मला सांगितलंय तिनं. आज चार माणसांत तुमची लाज मी राखली. तिची तुम्ही राखा."

दटावलं नाही. हात उचलला नाही. माझा नंबर तेवढा लिहून घेतला.

तासाभरानं फोन. नीट पोचलात का?

मी कट केला.

त्याच वर्षी कॉलेज सोडलं. त्यात तिचा दोष नाही, माझाच.

आता हायवेला काकाचं हॉटेल बघतो. येडेश्वरी देवीच्या दर्शनाला आलेले लोक, ट्रकवाले. कुणी टेबल आपटून "ए, चहा" म्हणलं की माझं डोकं अजून तापतं. पण तोंडातून "बसा, आणतो" येतं, आणि समोरचा निवतो. रोज बघतो.

मित्र म्हणतात, लई सायब झालास की.
व्हय, म्हणतो.

मधी एकदा गुरुजी भूमच्या स्टँडवर लांबून दिसले. माफी मागायची होती. खांबाआड लपलो. पुढच्या वेळी मागू, म्हणलं.

आज त्यांच्या घरी भेटायला गेलो. ती सासरहून आलेली, डोळे सुजलेले. तिच्याकडं नीट बघायची हिंमत झाली नाही. एवढंच म्हणलं, गुरुजींची माफी मागायची राहिली.

ती म्हणाली, "तुम्ही गेल्यावर पाहुण्यांनी लई खोदून खोदून विचारलं. आमचे अण्णा म्हणाले, पोरगं चांगलंय, ऊन लागलंय त्याला."



दिव्यामागं त्यांचा फोटो होता. हात जोडले.

गुरुजी, चुकलो. सुखानं जा.

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. ओठांवर आलेलं गिळलं. चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार हळू ओढून घेतलं.