दाजींनी न विकलेली बंदूक

ताईचा फोन हॉस्पिटलमधून आला तेव्हा मी दुबईत अल कुसैसच्या गोदामात एसीचे डक्ट उतरवून घेत होतो. "गेले रे," एवढंच ती म्हणाली. खरं सांगतो, आधी सुटल्यासारखं वाटलं. दुखण्यानं दाजींना कित्येक महिने पिळून काढलं होतं, आणि त्यांच्याबरोबर आम्हालाही. रडू आलं ते नंतर, बाजारात त्यांच्या आवडीच्या मेथीची जुडी हातात घेतली तेव्हा... अजून अंगातला शीण जात नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाटणच्या डोंगराकडचे. नव्वदच्या सुमारास दुबईत आले आणि देरा भागातल्या एका शिकारीच्या सामानाच्या दुकानात चिकटले. गिऱ्हाईक सगळं इथलं, परवानेवालं, हरणाच्या शिकारीला परदेशी जाणारं. प्रत्येकाला सगळ्यात मोठी बंदूक हवी असायची. दाजी आधी विचारायचे, हरीण केवढं आणि तुम्ही मारणार किती लांबून. गोळी फार बारीक असली तर जनावर जखमी होऊन निसटतं, हे कुणालाही पटतं. पण बंदूक फार मोठी असली की तिचा दणका खांद्याला बसतो, पुढच्या वेळी माणूस चाप ओढतानाच दचकतो आणि गोळी छातीऐवजी पोटात जाते. "पोटात लागलेलं हरीण लगेच मरत नाही रे," ते जेवताना सांगायचे. "चालत राहतं." त्यांच्या मते हरणाला टू-सेव्हन्टी, म्हणजे मध्यम गोळीची बंदूक, पुष्कळ झाली. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, मी ताईकडे पुढची भाकरी मागायचो.

गिऱ्हाइकाला पटवायची त्यांची एक रीत होती. नेमबाजीच्या मैदानावर खऱ्या काडतुसांत एक नकली काडतूस ते गुपचूप सरकवायचे. चाप ओढला की बार उडत नाही, पण दचकणाऱ्याची नळी खाली झुकलेली सगळ्यांना दिसते. एकदा हा प्रयोग त्यांनी एका बड्या कॉन्ट्रॅक्टरवर केला, तोही त्याच्या मित्रांसमोर. त्याला हत्तीला पाडणारी थ्री-सेव्हन्टी-फाइव्हच हवी होती. नळी झुकली, मित्र हसले आणि साहेब गाडीत बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मालकानं, म्हणजे अरबाबनं, बोलावून घेतलं. "हबीबी, तुम बंदूक बेचो, नसीहत मत बेचो. सॉरी बोलो, वही बंदूक दो, खलास." दाजींनी त्या माणसाच्या घरी जाऊन सॉरी म्हटलं. बंदूक मात्र दिली नाही. "पहले छोटेवाले से सीखो, फिर मैं खुद देगा," असं त्यालाच सांगून आले.

नोकरी गेली नाही, पण त्यांना मागे मासेमारीच्या गळांच्या काउंटरवर बसवलं आणि पगार उतरवला. तेवढ्या पगारात कुटुंबाचा व्हिसा टिकेना. ताई आणि पोरं पाटणला परत गेली, दाजी माझ्या खोलीत राहायला आले. मी भयंकर चिडलो होतो.

"एका हरणापायी बायकापोरं पाठवलीत, दाजी. त्यानं दुसऱ्या दुकानातून घेतलीच असेल ना?"

"घेतली असेल," ते म्हणाले. "मी नाही दिली."

हट्टी होते, आणि हट्टाची झळ घरच्यांना लागते हे त्यांना कळत नव्हतं असंही नाही. फोनकार्ड घेऊन ताईशी बोलायला खाली जायचे आणि वर आले की कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून पडायचे. ताईला त्यांनी सांगितलं होतं, भाडं वाढलं. मलाही गप्प राहायची शपथ घातली होती. वर्षं अशीच गेली.

त्यांची कॉट मी अजून कुणाला दिलेली नाही. आजारपणात ताई व्हिजिट व्हिसावर आली होती. अंत्यविधी उरकल्यावर ती त्याच कॉटवर येऊन बसली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "खरं सांग. आम्हाला का पाठवलं होतं? इथं दुसरी कुणी होती का यांची?"

इतकी वर्षं ती हे मनात घेऊन जगत होती. मी शपथ मोडली आणि कॉन्ट्रॅक्टरपासून गळांच्या काउंटरपर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं, संतापेल. ती नुसती चादरीवरून हात फिरवत राहिली.

"येडा माणूस," ती म्हणाली. "मला सांगितलं असतं तर एवढी वर्षं नीट झोपले तरी असते."

मग तिथंच आडवी झाली. भर दुपार होती. मी पडदा ओढला. संध्याकाळ झाली तरी ती गाढ झोपलेली होती, आणि मीही तिला उठवलं नाही.