ताईच्या फोनसमोरची खूण

गावात त्याला सगळे ‘जराबघू’ म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते आता कागदोपत्रीच उरलं होतं. वेबसाइट बनवणं हा त्याचा धंदा. कुणाच्या हातात जरा वेगळा फोन दिसला की याचे पाय आपोआप तिकडे वळायचे आणि तोंडातून एकच वाक्य निघायचं, “जरा बघू तुमचा फोन.”

लोक आधी दचकायचे, मग त्यांना सवय झाली. न्हाव्याच्या दुकानात गेला की न्हावी कात्री न थांबवता म्हणायचा, “फळीवर आहे, घे. पण बायकोचा फोन आला तर उचलू नकोस. मी इथं नाही हे मी स्वतःच सांगणार आहे.”

आता तुम्ही म्हणाल, माणसाला दुसऱ्यांच्या फोनचा एवढा सोस कशाला? तर त्याचं असं आहे. वेबसाइट ही मोठी लहरी वस्तू. बनवणाऱ्याच्या संगणकावर ती शहाण्या मुलीसारखी बसते आणि परक्याच्या फोनवर गेली की नको ते रंग दाखवते. कुठे मजकूर फोटोवर चढतो, कुठे बटण पडद्याबाहेर पळतं. मोठ्या कंपन्या त्यासाठी कपाटभर फोन घेऊन ठेवतात. जराबघूकडे कपाट होतं, पण त्यात कपडे होते. मग त्याने आपल्या परीनं वाट काढली. एका लांबट वहीत त्याने यादी केली होती: न्हाव्याचा मोठा फोन, झेरॉक्सवाल्याचा जुना संगणक, शेजारच्या बाईंचा टॅबलेट. इंटरनेटवरून लांबचे खरे फोन चालवायला देणारी एक सोयही त्याला सापडली होती. तिथे महिन्याला अर्धा तास फुकट मिळायचा आणि तो अर्धा तास तो औषधासारखा पुरवून वापरायचा. साइट लोकांसाठी खुली करण्याआधी यादीतल्या प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण पडलीच पाहिजे, हा त्याचा नेम होता.

यादीत सगळ्यात शेवटी लिहिलं होतं: ताईचा फोन.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता आणि ती सोळाची. तिने शिलाई मशीनवर बसून याला वाढवलं, शिकवलं, याचा पहिला संगणकही शिवणकामातूनच आला. भाऊजी गेले, मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, तेव्हापासून ती एका खोलीत एकटी राहायची. खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीशी कापडाचा पुतळा, दोरीवर टेपा आणि खडूची पांढरी धूळ. तिचा फोन मुळात जराबघूचाच. नवा घेतला तेव्हा जुना त्याने तिला देऊन टाकला होता. कोपऱ्यात तडा गेलेला, चालायला म्हाताऱ्या बैलासारखा. सगळ्या फोनांत हाच सगळ्यात अडेल, म्हणून तपासायला सगळ्यात मोलाचा. याच्यावर साइट चालली तर जगात कुठेही चालेल, असं तो म्हणायचा.

म्हणून दर रविवारी दुपारी तो ताईकडे जायचा. तिने आधीच फोन चार्ज करून, चिंधीने पुसून मशीनच्या कोपऱ्यावर ठेवलेला असायचा. हा फोनवर बोटं फिरवायचा आणि ती टाके घालता घालता बोलत राहायची. कुणाच्या झग्याचं माप चुकलं, कुणाची सून शिवलेलं उसवून परत घेऊन आली. हा नुसता “हं” म्हणायचा. तिचं बोलणं दोन-दोन तास चालायचं.

एकदा त्याने तिला पुतळ्यावर झगा चढवताना पाहिलं आणि विचारलं, “पुतळा आहे तर गिऱ्हाइकाला परत घालून बघायला कशाला बोलावतेस?”

ती तोंडातली टाचणी काढून म्हणाली, “पुतळ्याचे दोन्ही खांदे सारखे असतात रे. माणसाचा एक उतरलेला असतोच.”

हे वाक्य तेव्हा त्याच्या कानावरून गेलं. आत शिरलं नाही.

पुढे काम वाढलं. त्याच सुमारास त्याने संगणकातल्या ब्राउझरची एक फुकटची सोय हाताशी धरली. एक कळ दाबली की पान हव्या त्या फोनच्या मापात आखडून समोर दिसायचं. उभं करा, आडवं करा, लहान करा. घरबसल्या दहा फोन. जराबघू खूश झाला. न्हाव्याकडे जाणं कमी झालं, मग ताईकडचे रविवारही गळू लागले. “काम फार आहे ग,” तो सांगायचा. “असू दे, काम आधी,” ती म्हणायची. ते माप नुसतं पुतळ्याचं होतं. आत जीव त्याच्या संगणकातल्या नव्याकोऱ्या ब्राउझरचाच होता. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण वळत नव्हतं.

अशात त्याला डोळ्यांच्या दवाखान्याचं काम मिळालं. तिथे डोळ्यांचे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदाच यायचे. आता त्यांची वेळ फक्त वेबसाइटवरून घ्यायची असं ठरलं होतं. जराबघूने मन लावून साइट बनवली. ती खुली करायच्या दिवशी वहीतल्या सगळ्या खुणा झाल्या, एक सोडून. तो उठला, चपला घालून ताईच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. मशीनचा खडखडाट ऐकू येत होता. म्हणजे ती होती. एकदा आत गेलं की दोन तास गेले. दवाखान्याला संध्याकाळपर्यंत शब्द दिला होता. तो तिथे क्षणभर उभा राहिला आणि मागे फिरला. घरी येऊन संगणकावर ताईच्या फोनचं माप लावलं, पान छान दिसलं, आणि त्याने वहीत ‘ताईचा फोन’ पुढे खूण केली.

एवढीशी खूण. पेनाला कसलंही ओझं झालं नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांच्या पुढच्या तारखा चढवायला तो दवाखान्यात गेला. दिवस नेमका मोठ्या डॉक्टरांचा होता. बाकावर सात-आठ म्हातारी माणसं बसली होती. काउंटरवरची बाई त्याला बघून हसली. “साइट झकास चाललीय हं. दर खेपेची नोंदणी फुल. फक्त हे काही लोक,” तिने बाकाकडे मान हलवली, “यांना फोन वापरता येत नाही, मग इथं येऊन बसतात.”

जराबघूने बाकाकडे पाहिलं. शेवटच्या जागेवर ताई बसली होती. हातात तो तडा गेलेला फोन.

त्याला पाहून ती आधी दचकली, मग चोरी पकडल्यासारखी हसली. “अरे, तू कुठं इकडे?”

“तू कुठं इकडे? डोळ्याला काय झालं?”

“काही नाही रे. डाव्या बाजूचं जरा धुकट दिसतं. सुई ओवायला वेळ लागतो. मागच्या दोन्ही वेळी नंबर लावायला बघितलं, पण…” तिने उजव्या हाताची बोटं पुढे केली. चाळीस वर्षांच्या सुईने टोकं टणक, पिवळी झाली होती. “माझी बोटं झिजली बघ. पडद्याला कळतच नाहीत. ओल्या फडक्यानं पुसून दाबली, करंगळीनं दाबली. ते बटण काही मला दाद देईना.”

“मग मला फोन का नाही केलास?”

“तुझ्या हातची साइट ना ही? म्हटलं, सगळं गाव वापरतंय, मलाच येत नाही, त्यात तुला काय त्रास द्यायचा.”

त्याने फोन घेतला. स्वतःच्या मऊ, न झिजलेल्या बोटाने ‘वेळ नक्की करा’ या बटणावर दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बटण रंगीत, गोलसर, देखणं, आणि भिंतीवर रंगवलेल्या दारासारखं बंद. काय झालं असेल ते त्याला तिथल्या तिथे कळलं. नव्या धाटणीची एक ओळ त्याने लिहिली होती. जुन्या ब्राउझरला ती समजत नव्हती, आणि न समजणारी एक ओळ आली की तो बाकीचंही सगळं टाकून देत होता. रविवारी एकदा, फक्त एकदा तो या फोनवर बोट ठेवून गेला असता, तर पाच मिनिटांचं काम होतं.

“बोटं झिजलेली नाहीत, ताई,” तो म्हणाला.

तो बाकावरच्या दुसऱ्या माणसाकडे वळला. “जरा बघू तुमचा फोन.” मग तिसऱ्याकडे. पाच फोनांवर ते बटण मुकं होतं. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “आमचं काय चुकतंय का हो, साहेब?”

“तुमचं नाही. माझं चुकलंय.”

काउंटरवरच्या बाईने भुवया उंचावल्या. त्याने दवाखान्याच्याच संगणकावर बसून ती ओळ जुन्या पद्धतीने लिहिली. प्रत्येक अक्षर दोनदा तपासलं म्हणून पाचाची पंधरा मिनिटं लागली. मग बाईला म्हणाला, “या सगळ्यांना आज घ्या. हे नोंदणी करायला आले होते, दार मीच लावून ठेवलं होतं.” बाईने आत जाऊन विचारलं. डॉक्टर उशिरापर्यंत थांबायला तयार झाले. ताई मात्र उठेना. “आधी या आजोबांना जाऊ दे. मी तुझी बहीण म्हणून पुढं घुसले असं नको.” ती सगळ्यांत शेवटी गेली.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढलेला. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती. “गेलेली परत येत नाही. उरलेली थेंब घालून राखायची,” ते म्हणाले.

ताई बाहेर गेल्यावर जराबघू मागे रेंगाळला. “डॉक्टर, दोन महिने आधी दाखवलं असतं तर?”

“थोडी वाचली असती. किंवा नसतीही. हे आता मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही कधी कळायचं नाही.”

‘होय’ म्हणाले असते तरी ते ओझं त्याने उचलून नेलं असतं. हे मात्र कुठून धरायचं तेच कळेना.

आणि एवढ्यावर भागत नव्हतं. साइट आलेल्यांची मोजदाद ठेवत होती. दारावरून परत गेलेल्यांची मोजदाद कुठेच नव्हती. तीन महिन्यांत किती जणांनी बोटं पुसली, करंगळीनं दाबून बघितलं आणि आपल्यालाच येत नाही म्हणून फोन उशाशी ठेवून दिला, ते त्याला कधी कळणार नव्हतं. त्याने दवाखान्याच्या दारावर आणि साइटवर मोठ्या अक्षरांत सूचना लावून घेतली: बटण चालत नव्हतं, चूक आमची होती, समोर या, घेतलं जाईल. त्या आठवड्यात चौघं आले. बाकीचे आले नाहीत, की बाकीचे नव्हतेच, देव जाणे.

रविवारी तो वही घेऊन ताईकडे गेला. ती मशीनवर होती. तो डाव्या बाजूने आत आला तो तिला दिसलाच नाही. मशीनवर सावली पडली तेव्हा तिने मान पूर्ण वळवली. “अग बाई, तू होय!” ती मान वळलेली पाहूनच त्याचं अर्धं बोलणं संपलं.

त्याने वही उघडून खूण दाखवली. “ही खोटी आहे. मी गल्लीपर्यंत आलो होतो. मशीन ऐकलं आणि मागे गेलो. आणि आणखी एक, ताई. मी इतकी वर्षं रविवारी यायचो ना, ते तुझ्यासाठी नाही. फोनसाठी यायचो.”

ताईने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

“मला काय माहीत नव्हतं? माणूस बहिणीला भेटायला आला की आधी बस म्हणायची वाट बघतो. तू आधी फोन मागायचास.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून काय, येणं बंद करायचं होतं?” ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, “भाची तुझी दोन वर्षं पाठीस लागलीय, नवा फोन पाठवते म्हणून. मीच नको म्हणते. म्हटलं, हा फोन गेला तर तो कशासाठी येईल?”

तो खाली फरशीवर बसला. खडूची धूळ पँटला लागली ती त्याने झटकली नाही. ज्या फोनवर तिला नंबर लागला नाही, तो फोन तिने त्याच्यासाठीच जपला होता.

“राग आला नाही असं नाही,” ती सावकाश म्हणाली. “परवा रात्री आला होता. डोळा माझा आहे. पण तुला तोडून मी काय शिवणार?”

तिने फोन उचलून त्याच्यापुढे धरला. चार्ज केलेला, पुसलेला. “घे. तुझ्या बाकीच्या साइटी बघ आधी. आणखी कुठं कुठं दार लावून ठेवलंयस कोण जाणे.”

त्याने फोन घेतला, पण मशीनवर उलटा ठेवला. सुयांची डबी ओढली, रिळातला धागा ओठांत ओला केला आणि एक सुई ओवली. मग दुसरी. आठवड्याला पुरतील इतक्या ओवून त्याने गादीच्या तुकड्यात रांगेने टोचल्या. ताई बोलत होती, कुणाच्या तरी बाहीची गोष्ट. तो यावेळी ऐकत होता.

मग त्याने फोन सुलटा केला आणि एकेक साइट उघडू लागला. तिसऱ्याच साइटवर बटण मुकं निघालं. त्याने वहीत त्या साइटचं नाव लिहिलं. पुढे खूण केली नाही.